टाचेचं कुरूप, बोटांचा आमवात आणि दर तीन आठवड्यांची सलाईन

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका गावचे आप्पा, वय ६१, आयुष्य भातशेतीत गेलेलं. चौदा वर्षं आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला आरए म्हणतात तो. आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि साडेसात मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. डाव्या टाचेवर काळसर कुरूप आलं, ते घरीच ब्लेडने तासलं जायचं. वर्षभराने जांघेत अवधाण आली तेव्हा तपासणी झाली आणि मेलानोमा निघाला, म्हणजे त्वचेचा कर्करोग. टाचेची आणि जांघेतली गाठ काढली, पण पेट स्कॅनमध्ये फुप्फुसांत तीन डाग दिसले. गाठीची बीआरएएफ ही जनुक-तपासणी निगेटिव्ह. एक डॉक्टर म्हणतात, आमवात असताना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारं औषध, नको, अंगावर उलटेल. दुसरे म्हणतात, द्यायलाच हवी. मुलगी विचारते, कुणाचं ऐकायचं? भाऊ म्हणतो, मुंबईला न्या. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: आईला वाटतंय की ब्लेड तिने चालवलं म्हणून पसरलं.

ताई, दोन्ही डॉक्टर चुकलेले नाहीत. पहिल्यांनी जुना नियम सांगितला, दुसऱ्यांनी त्या नियमाचं पुढे काय झालं ते सांगितलं. मी बेळगावात कर्करोगाच्या औषधोपचारांचं काम वीसेक वर्षं करतोय. दहा वर्षांपूर्वी तुम्ही आला असता तर मीही पहिल्यांसारखंच बोललो असतो.

आधी हे औषध काय करतं ते बघा. तुमच्याकडे रानडुकरं भातात उतरतात तेव्हा राखणीचा कुत्रा साखळीला असेल तर नुसता भुंकतो. शरीरातल्या टी-पेशींचं, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या राखणदार पेशींचं, तसंच आहे. त्यांना साखळ्या शरीरानेच घातलेल्या असतात, नाहीतर त्या घरच्यांनाच चावतील. पीडी-१ ही एक साखळी, सीटीएलए-४ ही दुसरी. मेलानोमा ह्या साखळ्या आपल्या सोयीने ओढून धरतो. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं पहिली साखळी सोडतात, इपिलिमुमॅब दुसरी. हे ब्रेक सोडून कर्करोगाशी लढता येतं हे दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आप्पांची अडचण ही की कुत्रा चौदा वर्षं घरच्यांच्या बोटांना चावतोच आहे, मेथोट्रेक्सेटने त्याला कसाबसा गप्प बसवलाय. त्याचीच साखळी सोडायची म्हटल्यावर पहिले डॉक्टर बिचकले यात नवल नाही.

त्यांच्या बिचकण्याला आणखी एक कारण होतं. ही औषधं ज्या मोठ्या चाचण्यांतून आली त्यांत ऑटोइम्यून आजार, म्हणजे आमवातासारखा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारा आजार, असलेल्यांना बहुतेक घेतलंच नव्हतं. मग औषध बाजारात आलं, आणि असे रुग्ण दारात येऊन बसले. ज्यांना दुसरा इलाजच नव्हता त्यांना डॉक्टरांनी जपून जपून द्यायला सुरुवात केली आणि काय झालं ते लिहून ठेवलं. २०१७ साली अनेक केंद्रांचा एक अभ्यास छापून आला. त्यात आधीपासून ऑटोइम्यून आजार असलेले ५२ मेलानोमाचे रुग्ण होते, सगळ्यांना पीडी-१ चं औषध दिलेलं. २० जणांचा जुना आजार उसळला. पण उसळला म्हणून औषध कायमचं थांबवावं लागलं ते फक्त दोघांचं. आणि तिघांत एकाचा कर्करोग आकसला. संधिवाताच्या गटातल्यांचा आजार मात्र जास्त उसळला, २७ पैकी १४ जणांचा. म्हणजे आप्पांचे सांधे दुखायला लागतील याची शक्यता निम्म्याच्या आसपास धरून चला. हे मी आडपडदा न ठेवता सांगतो, कारण पहिल्या सलाईननंतर मनगट सुजलं की घरचे म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं.

२०२१ मध्ये नेदरलँड्सच्या नोंदवहीतून याहून मोठा हिशोब आला. चार हजारांवर मेलानोमाचे रुग्ण, त्यांतल्या ४१५ जणांना ऑटोइम्यून आजार. पीडी-१ च्या औषधाला मिळालेला प्रतिसाद आणि गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत जवळपास सारखेच. आतड्यांचा क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्यांना मात्र आतड्याची सूज कितीतरी जास्त आली.

म्हणून माझ्याकडे कुणी ‘ऑटोइम्यून आहे’ म्हणालं की मी आधी विचारतो, कुठला? थायरॉइडचा असेल, अंगावर कोड असेल, थोडासा सोरायसिस असेल तर मी फारसा थांबत नाही. मायस्थेनिया असेल, म्हणजे पापण्या मिटतात, गिळायला आणि श्वासाला त्रास होतो तो आजार, किंवा मेंदू-मज्जारज्जूचा काही असेल, ल्युपस या ऑटोइम्यून आजाराने मूत्रपिंडं धरली असतील, तर मी दहा वेळा विचार करतो आणि बहुधा दुसरी वाट शोधतो. तिथे आजार उसळला तर सांधा सुजत नाही, माणूस व्हेंटिलेटरवर जातो. आमवात या दोहोंच्या मध्ये बसतो. त्याने त्रास होतो, पण जीव सहसा जात नाही, आणि आवरायला औषधं आहेत. फुप्फुसांत मेलानोमा ठेवून सांधे जपण्यात मला तरी हशील दिसत नाही.

आता दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूलाही थोडं पाणी घालतो. इंटरनेटवर तुम्ही वाचलं असेल की निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन औषधं एकत्र दिली तर पाच वर्षांनी शंभरात ५२ जण हयात होते, एकट्या निवोलुमॅबवर ४४. आकडे खरे आहेत, पण ते बहुतेक गोऱ्या लोकांचे, उन्हाने होणाऱ्या मेलानोमाचे. आपल्याकडे मेलानोमा मुळात कमी, आणि होतो तो बहुधा तळपायाला, तळहाताला, नखाखाली. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. तो या औषधांना कमी दाद देतो. चीनमध्ये केलेल्या एका अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅबने साधारण सहात एकाची गाठ लक्षणीय आकसली. ज्याची आकसते त्याचं पुष्कळदा वर्षानुवर्षं टिकतं, ही जमेची बाजू. आप्पांना एकाच वेळी दोन्ही साखळ्या सोडणारं जोडऔषध मी सुरुवातीला देणार नाही. त्यात निम्म्याहून जास्त जणांना गंभीर दुष्परिणाम होतात, आणि हे आमवात नसलेल्यांचं.

सलाईनची तारीख घेण्याआधी एक गोष्ट करा. काढलेल्या गाठीच्या ब्लॉकवर, म्हणजे प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या तुकड्यावर, केआयटी जनुकाची तपासणी झाली आहे का ते विचारा. तुम्ही फक्त बीआरएएफचं लिहिलंय. बीआरएएफ पॉझिटिव्ह असतं तर डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची वाट होती. तिच्यात साखळीचा प्रश्नच येत नाही, म्हणून ऑटोइम्यून रुग्णांना ती सोयीची. ती वाट बंद झाली. पण तळपायाच्या मेलानोमात काही जणांना केआयटीमध्ये बिघाड सापडतो आणि त्यांच्यापैकी काहींना इमॅटिनिबची गोळी लागू पडते. इमॅटिनिब जुनं औषध आहे, जेनेरिक मिळतं, इम्युनोथेरपीच्या मानाने खर्च नगण्य. हा रिपोर्ट हातात नसताना कुणी शेत विकायला काढू नये.

मग प्रेडनिसोलोन. सुरुवातीलाच रोज १० मिलिग्रॅमच्या वर स्टेरॉइड चालू असेल तर या औषधांचा उपयोग कमी होताना दिसलाय. त्यातला काही भाग असा की जास्त स्टेरॉइडवाले मुळातच जास्त आजारी असतात, तरी मी १० च्या खाली आणल्याशिवाय सुरू करत नाही. आप्पा साडेसातवर आहेत, कागदावर ठीक. पण कागदावर नसलेल्या स्टेरॉइडचं काय? आपल्या भागात हे विचारावंच लागतं. चौदा वर्षं सांधे दुखणारा माणूस एकाच दवाखान्यात बसून राहिलेला मी पाहिला नाही. कुठल्या तरी यात्रेत मिळालेल्या काळ्या गोळ्या, कुणा पाहुण्याने आणलेली पुडी, ‘एक इंजेक्शन घेतलं की महिनाभर मोकळं’. त्यातल्या पुष्कळ पुड्यांत स्टेरॉइडच असतं, म्हणून तर ‘गुण’ येतो. माझ्या एका रुग्णाने अशी पुडी माझ्यापासून तीन महिने लपवली. मी औषध लागू का पडत नाही म्हणून डोकं धरून बसलो होतो. त्याच्या सुनेने शेवटी साडीच्या पदरातून पुडी काढून टेबलावर ठेवली. चेहरा गोल झालाय का, दंडावर साधा धक्का लागला तरी काळंनिळं होतं का, हे आप्पांचं बघा. पुडी निघाली तर रागावू नका आणि अचानक बंदही करू नका. वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर आपलं बनवणं सोडून देतं, एकदम तोडलं तर बीपी कोसळतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे या, हळूहळू उतरवता येतं.

आणि गुळवेल. कोविडनंतर घरोघरी काढा आला तो गेलाच नाही, ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून आप्पांनाही कुणीतरी देत असेलच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर ऑटोइम्यून प्रकारची यकृताची सूज झालेल्या रुग्णांची नोंद छापली आहे. आधीच ऑटोइम्यून प्रकृती, त्यात साखळी सोडणारं औषध, त्यात मेथोट्रेक्सेट. यकृताचे आकडे वाढले तर दोष कुणाचा हे मला ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. काढा पूर्ण बंद.

आमवाताची औषधं मात्र मनाने बंद करू नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवायला हरकत नसते, मेथोट्रेक्सेटही बहुधा चालतं. टोफासिटिनिबसारखी, आमवातावरची प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी कुणी मध्येच लिहून दिली असेल तर ती मला कळायला हवी. संधिवाततज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी फोनवर बोललं पाहिजे. तुम्ही निरोप्या होऊ नका. ‘ते सर असं म्हणाले’ यातून औषधं बदलतात तेव्हा हमखास घोळ होतो.

सुरू करण्याआधी थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, साखर, सकाळचं कॉर्टिसोल, ईसीजी, ट्रोपोनिन ही हृदयाची रक्ततपासणी, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, आणि टीबीची तपासणी. टीबीची अशासाठी की आतड्याची सूज स्टेरॉइडला आटोपली नाही तर इन्फ्लिक्सिमॅब हे सूज दाबणारं जास्त जोरकस औषध द्यावं लागतं, आणि त्याने झोपलेला टीबी उठतो. ऐनवेळी तपासत बसायला वेळ नसतो.

सलाईन स्वतः काहीच नाही. पेम्ब्रोलिझुमॅब तीन आठवड्यांनी एकदा, अर्धा तास. केस जात नाहीत, उलट्या सहसा नाहीत. लोक दुपारच्या बसने घरी जातात. धोका घरी गेल्यावर असतो. अंगावर पुरळ दोन-तीन आठवड्यांत, जुलाब साधारण दीड-दोन महिन्यांत, थायरॉइड आणि पिट्युटरी या ग्रंथींचं त्यानंतर, आणि काही तर औषध थांबवून महिने झाल्यावर. इथे माझीच एक चूक सांगतो. चिकोडीकडचे एक गृहस्थ, निवोलुमॅबच्या तिसऱ्या डोसनंतर जुलाब सुरू झाले. मी त्यांना धोक्याच्या लक्षणांचं कार्ड दिलेलं होतं, इंग्रजीत. दवाखान्याचे फॉर्म कन्नड नि इंग्रजीत, कार्ड इंग्रजीत, आणि घरात धड वाचणारी ती मराठी चौथी शिकलेली बायको. त्यांनी मेडिकलमधून जुलाब थांबायच्या गोळ्या आणल्या, पाच दिवस ताक-भात खाल्ला, सहाव्या दिवशी वडापमध्ये आडवे घालून आणले. नाडी लागत नव्हती. स्टेरॉइडने आतडं सावरलं, माणूस वाचला. पण ते पाच दिवस माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हापासून मी एका पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून देतो आणि ते कपाटाच्या दारावर चिकटवायला लावतो. तुम्हीही लिहा, असंच: नेहमीपेक्षा चार वेळा जास्त परसाकडे जावं लागलं किंवा रक्त-शेंब पडली, तर त्याच दिवशी फोन. नवा खोकला किंवा जिना चढताना धाप, त्याच दिवशी. डोळे-लघवी पिवळी. सारखी तहान आणि लघवी. चक्कर, न संपणारा थकवा, न थांबणारी डोकेदुखी. छातीत दुखणं, पापण्या जड होणं, गिळताना अडकणं, तर फोनही नको, सरळ मोठ्या दवाखान्याची इमर्जन्सी. आणि सगळ्यात वर: ‘मी इम्युनोथेरपी घेतोय, ही केमोथेरपी नाही.’ रात्री ड्युटीवरचा नवखा डॉक्टर जुलाब म्हणजे गॅस्ट्रो समजून सलाईन लावून सोडून देतो, त्याच्यासाठी ती ओळ.

आप्पांच्या बाबतीत नेमकी पंचाईत सांध्यांची होईल. बोटं आखडली, सकाळी तासभर मूठ वळेना, तर आमवात उसळलाय समजा. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाऊ नका, मूत्रपिंडांवर दोन्हीकडून भार येतो. बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन थोडं वाढवून, सांध्यात इंजेक्शन देऊन किंवा एक डोस पुढे ढकलून निभावतं. ‘स्टेरॉइड घेतलं म्हणजे कर्करोगाचं औषध वाया गेलं’ ही भीती पुष्कळांना असते. आलेला दुष्परिणाम आवरायला घेतलेल्या स्टेरॉइडने फायदा पुसला जात नाही. गंभीर सूज आली तर किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम द्यावं लागतं आणि महिना-दीड महिन्यात उतरवत आणावं लागतं. लवकर उतरवलं की पुन्हा उसळतं.

एक गंमत सांगतो, माझ्या मते तरी गंमत. वडगावच्या एका विणकर बाई चौथ्या महिन्यात रडत आल्या, हातावर नि गळ्यावर पांढरे डाग. ‘कोड आलं हो डॉक्टर, पोरीचं लग्न व्हायचंय.’ मी मात्र मनात खूश. मेलानोमाच्या रुग्णाला या औषधावर कोड येणं म्हणजे टी-पेशी रंगपेशींच्या मागे लागल्या, आणि मेलानोमा रंगपेशींचाच असतो. ज्यांना असं कोड येतं त्यांना औषध लागू पडण्याचं प्रमाण जास्त दिसतं. त्यांचा स्कॅन खरोखरच चांगला आला. तरी मुलीला बघायला येणाऱ्यांना हे कोण समजावणार, हा त्यांचा प्रश्न माझ्या उत्तराहून मोठा होता. कोड संसर्गाने पसरत नाही, आणि हे तर औषधाने आलेलं, असं मी चिठ्ठीवर लिहून सही करून दिली. ती चिठ्ठी त्यांनी पाहुण्यांना दाखवली की नाही, माहीत नाही.

पावसाचा विचार करा. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस मी तुम्हाला सांगायला नको. मलप्रभेला पाणी आलं की रस्ते बंद. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक, ते जून ते ऑगस्ट येत असतील तर आप्पांना शहापूर-टिळकवाडीकडे कुणा नातेवाइकाकडे ठेवा. शेताचं होईल काहीतरी. पहिला स्कॅन बारा आठवड्यांनी. कधीकधी गाठ आधी फुगलेली दिसते आणि मग आकसते, तेव्हा एका रिपोर्टवर हाय खाऊ नका.

मुंबईचं म्हणाल तर भावाला सांगा, एकदा जाऊन या, राहायला नको. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा बंगळुरूच्या किडवाई कर्करोग रुग्णालयात गाठीच्या स्लाइड्स पुन्हा वाचून घ्या, उपचाराचा आराखडा लिहून आणा. टाटाशी जोडलेल्या ‘नव्या’ या सेवेकडून ऑनलाइन मतही मिळतं. औषध मात्र बेळगावात घ्या, कारण रात्री अकराला धाप लागली तर परळ कामाचं नाही.

पैशाचं. औषध महाग आहे, लाखांत जातं, आणि निदान वर्ष-दोन वर्षं चालतं. कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजनांत काही डोस घेतल्यावर पुढचे मोफत मिळू शकतात, पहिल्या बाटलीच्या आधी नाव नोंदवा, नंतर कुणी ऐकत नाही. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, पण हे नेमकं औषध त्या पॅकेजात बसतं का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यात तुमचं गाव असेल तर तिकडचीही चौकशी करा. दोन सरकारांच्या भांडणात तुमचा डोस अडकू नये म्हणून एकावरच विसंबू नका. निपाणीकडचे तंबाखूवाले तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मला विचारतात, ‘ते वीस मिलिग्रॅमचं स्वस्त निवोलुमॅब आम्हाला द्या.’ ते टाटाचं काम उत्तम आहे, २०२३ चं, पण डोक्या-मानेच्या कर्करोगावर आणि इतर गोळ्यांच्या जोडीने. तो डोस मेलानोमाला तसाच लावायला मी तयार नाही. पैसे संपत आले तर मात्र लपवू नका. डोसांमधलं अंतर वाढवणं, औषध थांबवणं, सगळ्याची चर्चा होऊ शकते.

आईचं उरलं. ब्लेडने तासल्याने मेलानोमा पसरतो असं दाखवणारा पुरावा नाही. पसरायचं त्याचं तो आतून पसरत असतो. कुरूप समजून तासणं आपल्याकडे घरोघरी चालतं, आणि काळं, पसरत जाणारं, रक्त येणारं कुरूप मीही पूर्वी एका रुग्णाच्या पायावर पाहून ‘त्वचेवाल्याला दाखवा’ एवढंच म्हणून सोडलं होतं. आईला जवळ बसवून हे वाचून दाखवा. आणि पुढच्या वेळी येताना तिलाच आणा, कारण आप्पांना दिवसातून किती वेळा परसाकडे जावं लागतं हे तुमच्यापेक्षा तिला जास्त माहीत असणार.